एक किलो साडेतीनशे ग्रॅमचं प्रकरण

मी मार्तंड निसळ. देवळाली प्रवरेपासून राहुरीपर्यंत आणि राहुरीपासून परत देवळाली प्रवरेपर्यंत माझ्या तोडीचा गुप्तहेर तुम्हाला सापडणार नाही. माझी नजर तीक्ष्ण आहे, चष्मा सापडला की. कान तिखट आहेत, त्यातला डावा जास्त. आणि स्मरणशक्ती तर अशी की एकदा पाहिलेला चेहरा मी जन्मात विसरत नाही. फक्त तो कोणाचा, एवढं आठवत नाही. घराच्या ओट्यावर मी पाटी लावली होती: ‘निसळ गुप्त तपास केंद्र’, आणि खाली बारीक अक्षरांत, ‘संपूर्ण गुप्तता. हाक मारून आत यावे.’ पाटी रंगवणारा म्हणाला, “काका, गुप्त आहे तर मग पाटी कशाला?” त्याच्यावर मी तिथल्या तिथे संशय घेतला.

संशय हा माझा धंदा होता, त्याला माझा इलाज नाही. तीस वर्षं मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क होतो. उसाची गाडी यायची, मी भरलेलं वजन घ्यायचो. ऊस उतरवून गाडी परत यायची, मी रिकामं वजन घ्यायचो. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की निव्वळ ऊस. काम इतकंच, पण समोरचा आपल्याला फसवणार हे धरूनच खिडकीत बसायचं. कोणी मोळीच्या पोटात चिखल घालायचा, कोणी भरलेल्या वजनाच्या वेळी गाडीवर दोन मेव्हणे बसवायचा आणि रिकाम्याच्या वेळी त्यांना चहा प्यायला पाठवायचा. एका बहाद्दराने तर बैलांना आधी पोटभर पाणी पाजून आणलं होतं. असल्या लोकांना पकडायचा मला पगार होता. पंच्याण्णव साली मी निवृत्त झालो. पगार थांबला, संशय काही थांबला नाही.

सुरुवात दुधापासून झाली. बन्सी गवळी तेच दूध घालत होता, पण तो माप ओतताना आकाशाकडे का बघतो, हे मला खटकायला लागलं. मग वर्तमानपत्र. सकाळी ते माझ्या हातात यायचं तेव्हा त्याची घडी कोणीतरी आधी मोडलेली असायची. मग साखरेचा डबा. मग समोरच्यांची कोंबडी, जी दिवसातून चार वेळा आमच्याच दारात येऊन थांबायची आणि आत बघायची. दुसरीकडे उत्साह म्हणाल तर नावाला उरला नव्हता. अंघोळ अकराला, जेवण अडीचला, चहा गार झाल्यावर. काही करावंसं वाटायचं नाही, फक्त कोण काय करतंय ते बघावंसं वाटायचं.

शेवटी इंदूने, म्हणजे माझ्या बायकोने, मला धरून डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणजे आमच्या रंगनाथची रश्मी. रंगनाथ माझ्याबरोबर काट्यावर होता. मी आत बसून वजन लिहायचो, तो बाहेर उन्हात गाड्या काट्यावर नीट उभ्या करायचा. त्याच्या बायकोने, कलाबाईने, लोकांच्या शेतात मोळ्या बांधून पोरीला डॉक्टर केलं, आणि पोरगी शिकून पुण्यात न थांबता इथेच दवाखाना टाकून बसली. फ्रॉकात बापाचा डबा घेऊन काट्यावर यायची, तेव्हा मी एकदा हिचं वजन करून पावती फाडून दिली होती. आता तिने माझं केलं. मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला आणि भुवया वर केल्या.

“काका, झोप लागते का?”

“लागते. पण मी लागू देत नाही.”

“का बरं?”

“झोपेत आजूबाजूला काय चाललंय ते कळत नाही ना.”

रश्मीने इंदूकडे पाहिलं. इंदूने छताच्या पंख्याकडे पाहिलं.

“काका, हा सगळा ताण आहे,” रश्मी म्हणाली. “गोळी देते, पण गोळीने एकटीने भागणार नाही. रोजच्या सवयी लावून घ्या. सकाळी अर्धा तास चालायचं. दुपारी दहा मिनिटं शांत बसून लांब श्वास घ्यायचा आणि सोडायचा. संशय आला की तोंडाने बोलायचा नाही, वहीत लिहायचा. आणि दुसऱ्या दिवशी तो खरा निघाला का खोटा, ते त्याच्या समोर लिहायचं. आणि रोज एक तरी काम असं करायचं, ज्यात तुम्हाला उत्साह वाटतो. कशात वाटतो तुम्हाला उत्साह?”

डॉक्टरशी खोटं बोलू नये म्हणतात. मी म्हणालो, “संशय घेण्यात.”

अशा रीतीने वैद्यकीय सल्ल्यानुसार निसळ गुप्त तपास केंद्राची स्थापना झाली.

सवयी मी लावून घेतल्या, त्याबद्दल कोणी बोट दाखवू नये. सकाळी अर्धा तास चालायचो, पण प्रत्येक घरासमोर थोडा थांबून. कोणाच्या अंगणात नवी बादली आली, कोणाच्या दोरीवर कोणाचा शर्ट वाळतोय, सगळी नोंद व्हायची. श्वासाला दहा मिनिटं फार कमी वाटली म्हणून मी दोन ते साडेतीन केली. नाकाने ओढायचो आणि तोंडाने ‘फूंऽऽ’ करून सोडायचो. समोरची कोंबडी पहिल्या दिवशी जी पळाली ती आठ दिवस आली नाही. मधेमधे थांबून मी इंदूला एखादा प्रश्न विचारायचो, म्हणजे श्वासाला विश्रांती मिळायची. आणि वही तर मी दोन महिन्यांत अर्धी भरली. डाव्या रकान्यात संशय, उजव्या रकान्यात निकाल. उजवा रकाना सगळा कोरा होता, कारण तपास चालू होता.

संशय तोंडाने बोलायचा नाही, हे कलम मात्र मला जड गेलं. एका सकाळी मी बन्सीला चारचौघांत विचारलं, “तुझ्याकडे म्हैस नक्की आहे ना?” त्याच आठवड्यात शेजारची छबूबाई दुसऱ्यांदा कोथिंबीर मागायला आली, तेव्हा मी तिला पाटावर बसवून पहिल्या कोथिंबिरीचं काय झालं ते सविस्तर विचारलं. तेव्हापासून छबूबाई आमच्या दारावरून जाताना पदर पुढे ओढून पळत जायची. वीस वर्षांची इंदूची मैत्रीण ती.

इंदू त्या दिवशी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तीस वर्षं तुम्ही गाड्यांवर संशय घेतलात, मी काही बोलले नाही. आता माझ्या माणसांवर घेताय. आणखी एक माणूस माझ्या दारातून असा गेला, तर मी संगमनेरला शौनककडे निघून जाईन. आणि परत कधी येणार, हे मला विचारायचं नाही.”

शौनक आमचा मुलगा. त्याच्याकडे तिची खोली तयारच होती. इंदू चिडली की भांडी आपटते, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी तिने ताटलीसुद्धा आपटली नाही. मी घाबरलो. अगदी खरं सांगतो. इंदू गेल्यावर या घरात मी आणि माझी वही, दोघंच उरणार होतो.

आणि नेमकं त्यानंतरच ते प्रकरण सुरू झालं.

गळिताचा हंगाम जोरात होता, माघाचं ऊन चढायला लागलं होतं. रोज दुपारी दोनला इंदू एक हिरवी कापडी पिशवी उचलायची, “येते जरा” म्हणायची आणि जायची. पावणेचारला परत. परत येताना चेहरा टवटवीत. एकदा तर ती गुणगुणत आली. जिच्याशी मी बत्तीस वर्षं संसार केला ती बाई गुणगुणते, हे मला नवीन होतं.

कुठे जातेस, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की संगमनेर. म्हणून मी शास्त्रीय मार्ग धरला. रद्दीवाल्याकडे असतो तसा आकड्याचा ताणकाटा मी त्याच्याकडूनच मागून आणला. इंदू निघण्याआधी मोरीत तोंड धुवायला गेली की मी पिशवी आकड्याला अडकवायचो. जाताना वजन एक किलो साडेतीनशे ग्रॅम. आली की ती पाणी प्यायला आत जायची, तेवढ्यात पुन्हा अडकवायचो. येताना वजन एक किलो साडेतीनशे ग्रॅम. दहा दिवस तोललं. भरलेलं तेच, रिकामं तेच, निव्वळ शून्य.

तुम्ही म्हणाल, पिशवी उघडून का बघितली नाही? हा प्रश्न काट्यावर न बसलेला माणूसच विचारू शकतो. काटा क्लार्क गाडी उघडून बघत नाही. तो तोलतो. उघडून बघणं हे यार्डातल्या लोकांचं काम, आणि त्यांच्या कामात आपण हात घालायचा नाही ही शिस्त आहे. तीस वर्षांत मी एक मोळी कधी सोडली नाही, मग बायकोची पिशवी कशी सोडणार?

निव्वळ शून्य माझ्या नोकरीत एकदाच आलं होतं. एक गाडीवान यार्डात रांगेत उभा असताना गाडीवरच झोपी गेला, आणि बैल त्याला न उतरवलेल्या उसासकट फिरवून परत काट्यावर घेऊन आले. पण त्या प्रसंगाचा इथे काही संबंध दिसेना, म्हणून मी तो बाजूला ठेवला.

मदतीला मी रंगनाथला बोलावलं. सगळं ऐकून तो जागच्या जागी चुळबुळला. “साहेब, बायकांच्या पिशव्या तोलू न्हाई,” म्हणाला आणि उठून घरी गेला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेदोनलाच टोपी घालून दारात हजर.

“मी हाय तुमच्यासंगं,” म्हणाला. “रोज येतो. पन एक सांगतो, मागं मागं जायचं न्हाई. मान्साला कळतं. आपुन पुढं जाऊन थांबायचं.”

केवढी ही व्यावसायिक समज! मी त्याला त्याच क्षणी साहाय्यक नेमला. तो मला गावाबाहेर पाटाच्या कडेला घेऊन गेला. आम्ही एका बाभळीखाली दोन तास बसलो. इंदू आली नाही.

“बघा,” रंगनाथ विडी विझवत म्हणाला, “म्हंजी बाई पाटाकडं येत न्हाईत. एक जागा कमी झाली.”

असा आम्ही रोज एकेक जागा कमी करत गेलो. गुऱ्हाळ कमी झालं, बाजारतळ कमी झाला, डाळिंबाची एक बाग कमी झाली. रंगनाथचा उत्साह दांडगा होता आणि गंमत म्हणजे माझाही वाढला होता. दोन वाजले की मी फेटा बांधल्यासारखा मफलर गुंडाळून तयार. श्वास फुंकायचं राहून जायचं, पण जेवण वेळेवर जायचं.

पुरावेही मिळत होते. बाराव्या दिवशी इंदूच्या केसात मला कापसाचा एक तंतू दिसला. आता आमच्याकडे सगळा ऊस. कापूस पिकतो तो पूर्वेला, पाथर्डीच्या बाजूला. आणि पाथर्डीच्या बाजूला तिसगाव. आणि तिसगाव हे इंदूचं माहेर! मी रंगनाथच्या पाठीवर थाप मारली. तो खोकला आणि म्हणाला, “व्हय साहेब, तिसगावच असनार. चला, स्टँडवर चौकशी करू.”

स्टँडवर चौकशीच्या खिडकीत सहादेव म्हणून एक पेंगुळलेला गृहस्थ होता.

“तिसगावला जायला किती वेळ लागतो?” मी विचारलं.

“नगरला गाडी बदलायची. साडेतीन तास धरा.”

“आणि यायला?”

“यायलाबी तेवढंच. गाव हलत न्हाई.”

म्हणजे जाऊन येऊन सात तास, आणि इंदू पावणेदोन तासांत परत यायची. मी वहीत लिहिलं, ‘तिसगावला जाण्याचा जवळचा रस्ता आहे काय? शोधणे.’

दुसरा पुरावा त्याहून भेदक होता. परत आल्यावर तिच्या उजव्या गालावर बारीक आडव्या रेघा दिसायच्या, आणि त्याच बाजूचे केस चपटे. मी तासभर डोकं खाजवलं आणि उलगडा झाला. ती कुठेतरी पन्हाळी पत्र्याला गाल लावून उभी राहते! म्हणजे पलीकडचं बोलणं चोरून ऐकते! आमच्या घरात दोन हेर नांदत होते आणि त्यातली ती जास्त तयारीची होती. मला थोडा अभिमानही वाटला.

पण सगळ्यांत वाईट तर्क मी रंगनाथलासुद्धा सांगितला नाही. तो असा, की इंदू घर हलवते आहे. रोज थोडं थोडं सामान ती कुठेतरी नेऊन ठेवते आहे, आणि एक दिवस पिशवीसुद्धा न घेता संगमनेरच्या गाडीत बसणार आहे. वजन बसत नव्हतं, पण भीतीला वजन लागत नाही. एका दुपारी मी तिचं कपाट उघडून साड्या मोजल्या. सगळ्या होत्या. तिच्या आईची चांदीची करंडी होती. मी कपाटाला टेकून खाली बसलो आणि मला हुश्श वाटलं. उठताना पलंगाकडे लक्ष गेलं. एक उशी कमी दिसली, पण तिचा तपासाशी संबंध नसल्याने सोडून दिली.

सोळाव्या दिवशी रंगनाथची दाढ ठणकली. सकाळीच गाल धरून आला. “साहेब, राहुरीला जाऊन दाढ काढून येतो. आजच्याला तपास बंद ठिवा. घरीच ऱ्हावा.”

“गुन्हा सुट्टी घेत नाही, रंगनाथ.”

“घेऊ द्या की एक दिवस,” तो कळवळून म्हणाला. मला वाटलं दाढेमुळे.

दुपारी इंदू गेल्यावर घर मला खायला उठलं. शेवटी अडीचच्या सुमाराला रंगनाथ परत आला का ते बघावं म्हणून मी त्याच्या घरी गेलो. कलाबाई उंबऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या. मला बघताच त्यांनी मेथीची जुडी छातीशी धरली.

“भाऊ, हळू बोला.”

“रंगनाथ झोपलाय का? दाढ निघाली?”

“ते आले न्हाईत अजून. तुमी जावा घरी, मी लावून देते त्यांला.”

हळू बोला, पण रंगनाथ घरी नाही. मग हळू कोणासाठी? माझ्यातला हेर जागा झाला. मी मान वाकडी करून आत डोकावलो. बाबासाहेबांच्या फोटोखाली खाट होती आणि खाटेवर इंदू पडली होती. तोंड उघडं, एक हात खाली लोंबकळलेला, हालचाल नाही.

विषप्रयोग! कलाबाई! इतक्या वर्षांची ओळख आणि शेवटी हे! हा सगळा तर्क माझ्या डोक्यात अर्ध्या सेकंदात पूर्ण झाला, इतका मी सरावलेला होतो. मी ठणाणा ओरडलो, “इंदूऽऽ!”

इंदू ताडकन उठून बसली. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या अभ्र्याच्या शिवणीच्या आडव्या रेघा. आमचीच उशी. तिने माझ्याकडे बघितलं. ती चिडली नव्हती. तिचे डोळे भरून आले होते.

“इथंही आलात?” ती म्हणाली.

एवढं बोलून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी उंबऱ्यात उभा आणि हातात मफलर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गप्प बसणं कलाबाईंना जमणारं नव्हतं. मेथी बाजूला टाकून त्या उभ्याच राहिल्या. “भाऊ, तुमी धा दिस पिशवी तोलीत हुते म्हनं? आवो, उघडून बघायची की! उशी हाय तिच्यात, आन् एक चादर. आमच्या रश्मीनं त्या दिशी तुमच्या पाठोपाठ ताईंचाबी पट्टा बांधून बघितला, तुमी भायेर चपला मोजीत हुते तवा. तुमच्यापेक्षा ह्यांचा दाब जास्ती निघाला. दुपारी तासभर झोपा म्हनली, जिथं कुनी काय इचारनार न्हाई आसल्या जागी. तुमच्या घरात हाय का आसली जागा? दोन वाजले की तुमचं ते फूंऽ फूंऽ चालू, आन् मधूनच ‘इंदू, कोंबडी कुनाची?’ बाईनं झोपायचं कवा?”

“आणि रंगनाथ?”

“त्यांला मीच लावलं तुमच्या मागं. म्हनलं, साहेबांना गावभर फिरवा, पन आपल्या घराकडं आनू नका.”

गालावरच्या रेघा, केसातला कापूस, कमी झालेली उशी, सगळं माझ्यासमोर मांडलेलं होतं. इतकंच कशाला, गाडीवर झोपलेला तो गाडीवानसुद्धा मला आठवला होता. पण मला एक गोष्ट जास्त लागली. माझा रक्तदाब मला तोंडपाठ होता. तिचा मी कधी विचारलासुद्धा नव्हता. दोन महिने तिला रोज पन्नास प्रश्न विचारले, त्यात ‘तुला बरं आहे ना’ हा एक नव्हता.

इंदूने चादरीची घडी घातली, उशी पिशवीत सरकवली. “कलाबाई, तुमचे उपकार झाले,” म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, “उद्या सकाळच्या गाडीने मी संगमनेरला जाते.”

संध्याकाळी मी वही घेऊन रश्मीकडे गेलो. तिने पानं उलटली. एकाहत्तर संशय. उजवा रकाना कोरा.

“काका, इकडे काहीच कसं नाही?”

“तपास चालू आहे ना.”

“काट्यावर असं करायचात? गाडी भरलेली तोलली आणि रिकामी तोललीच नाही? मग निव्वळ कसं काढणार?”

तीस वर्षांत मला इतकं स्पष्ट कोणी सुनावलं नव्हतं, आणि तेसुद्धा माझ्याच काट्याने. मी तिथेच बाकावर बसून रकाना भरायला घेतला. बन्सी आकाशाकडे बघतो, कारण त्याला मान आखडल्यावर रश्मीनेच तो व्यायाम दिलाय: खोटा. वर्तमानपत्राची घडी आधी इंदू मोडते, कारण ती पाचला उठते आणि मी साडेसातला: खोटा. कोंबडीला इंदू शिळी भाकरी घालते: खोटा. एकाहत्तरच्या एकाहत्तर खोटे निघाले. मग रश्मी म्हणाली म्हणून तिथेच दहा मिनिटं श्वास घेतला. नुसताच घेतला, फुंकला नाही. कान कशाकडे लावले नाहीत. डोळे उघडले तेव्हा बाकावर माझ्या शेजारी एक आजोबा येऊन बसले होते, आणि ते का आले असतील असं माझ्या मनात आलं नाही. दवाखान्यात माणूस येणारच.

घरी जाताना बाजारातून कोथिंबिरीची जुडी घेतली आणि छबूबाईच्या दारात नेऊन दिली. तिने ती लांब हात करून घेतली, पण घेतली.

सकाळी इंदू तयार होऊन बाहेर आली. हातात तीच हिरवी पिशवी. मी म्हणालो, “दे, स्टँडपर्यंत मी आणतो,” आणि पिशवी हातात घेतली.

आणि माझ्या हाताला कळलं. इतकी वर्षं तोलामापात गेलेला हात आहे, त्याला ताणकाटा लागत नाही. एक किलो साडेतीनशे. साड्या नाहीत, डबा नाही, करंडी नाही. तेवढीच उशी आणि तीच चादर. आयुष्यात पहिल्यांदा माझा तर्क बरोबर होता आणि पहिल्यांदाच तो मला बोलून दाखवावासा वाटला नाही.

स्टँडपर्यंत मी एक शब्द काढला नाही. त्याचाच तिला त्रास व्हायला लागला.

“काही विचारणार नाही?” शेवटी तीच म्हणाली.

“नाही.”

“कधी येणार, ते?”

“तू विचारू नको म्हणाली होतीस.”

“पिशवी तोललीत?”

“ताणकाटा रद्दीवाल्याला परत दिला.”

ती माझ्याकडे रोखून बघत राहिली. “आणि संशय? एवढ्यात सगळे संपले?”

“एक आहे,” मी म्हणालो. “वहीत लिहिलाय. बोलायचा नाही, असं डॉक्टरने सांगितलंय.”

गाडी आली. ती चढली, खिडकीशी बसली. मी पिशवी खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवली. चौकशीच्या खिडकीतल्या सहादेवने मला बघून हात जोडले, त्याला वाटलं मी पुन्हा तिसगावचं विचारणार.

तो दिवस कसा गेला ते माझं मला माहीत. पाटी उतरवली. ओटा झाडला. दुपारी दोनला श्वास घेतला, दहाच मिनिटं. घरात इतकी शांतता होती की कोणीही गाढ झोपलं असतं, पण झोपणारी संगमनेरला होती. ज्या हाताच्या जोरावर मी सकाळी फुशारलो होतो, त्याच्यावरचाच माझा विश्वास उडायला लागला. शौनककडे तिच्या जुन्या साड्या असतील तर? पिशवी हलकी म्हणजे मुक्काम छोटा, हे कोणी ठरवलं? मी पुन्हा श्वास घेतला.

संध्याकाळच्या गाडीला मी स्टँडवर उभा होतो. दाढ काढलेला रंगनाथ गालाला फडकं बांधून माझ्याबरोबर. त्याने मला काही विचारलं नाही, मीही त्याला काही विचारलं नाही. गाडीतून आधी दोन बाया उतरल्या, मग एक बकरी, मग बकरीचा मालक. मग इंदू.

“शौनकच्या वरच्या मजल्यावर फरशी बसवताहेत,” ती उतरता उतरता वैतागून म्हणाली. “दिवसभर ठकठक. डोळ्याला डोळा नाही.” आणि पिशवी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती सवयीने पिशवी घेऊन दारात आली. मी ती काढून घेतली, उशी पलंगावर ठेवली, खिडकी लोटली आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. रंगनाथ आला. बन्सी बिल मागायला आला, त्याला मी बोटाने गप्प केलं. भांडीवाली ‘भांडीऽऽ’ म्हणणार तेवढ्यात रंगनाथ धावत गेला आणि तिला पुढच्या आळीला लावून आला. छबूबाई स्वतः चालत आली आणि काही न मागता, नुसती मान हलवून गेली. कोंबडी आली, आमच्याकडे बघून बसली. आतून हळूच घोरण्याचा आवाज यायला लागला.

“साहेब,” रंगनाथ कुजबुजला, “कसला आवाज?”

“तपास करायची गरज नाही,” मी कुजबुजलो.

साडेतीनला इंदू बाहेर आली. केस चपटे, गालावर रेघा. उभ्याउभ्याच तिने ओट्यावरची वही उचलली आणि शेवटचं पान काढलं. संशय क्रमांक बहात्तर: ‘इंदू संध्याकाळच्या गाडीने परत येईल.’ समोरचा रकाना मी कोराच ठेवला होता. माझ्या हाताने भरायला धीर होत नव्हता. तिने माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं, काहीतरी लिहिलं आणि “चहा टाकते” म्हणून आत गेली.

मी चष्मा शोधून वाचलं. तिच्या अक्षरात एकच शब्द होता: ‘खरा.’